लॅब्राडॉर डक: नामशेष झालेल्या एका बुडीमार बदकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅब्राडॉर डक म्हणजे काय? कुत्र्याचा काही संबंध आहे का?

हा प्रश्न पहिला येतोच, त्यामुळे आधी तोच संपवू. लॅब्राडॉर हा कॅनडाच्या ईशान्य टोकाचा थंडगार, खडकाळ किनारा आहे आणि आज तो न्यूफाउंडलँड अँड लॅब्राडॉर या प्रांतात येतो. बदकाला आणि कुत्र्याला नाव तिथूनच मिळालं. गंमत म्हणजे कुत्र्याचे पूर्वज मुळात लॅब्राडॉरचे नाहीत, शेजारच्या न्यूफाउंडलँड बेटावरचे. आणि बदकाचं म्हणाल तर ते लॅब्राडॉरला घरटी करायचं असं सगळे धरून चालतात, पण त्याचं घरटं तिथे कुणा जाणकाराने खात्रीने पाहून नोंदवलेलं नाही. म्हणजे दोघांचीही नावं अर्धवट ऐकीव माहितीवर पडलेली.

बदक मात्र खरं होतं. समुद्रात राहणारं, बुडी मारून शिंपले खाणारं, मध्यम आकाराचं, उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं. शास्त्रीय नाव कॅम्प्टोऱ्हिंकस लॅब्राडोरियस. १७८९ मध्ये ग्मेलिन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं आणि १८७५ मध्ये शेवटचं खात्रीचं बदक मारलं गेलं. शंभर वर्षंसुद्धा भरली नाहीत.

बुडी मारणारं बदक आणि साधं बदक यात फरक काय?

हिवाळ्यात भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला गेला असाल तर फरक तुम्ही डोळ्यांनी बघितलाय, फक्त नाव दिलं नसेल. थापट्या, तलवार बदक, आपलं नेहमीचं हळदी-कुंकू ही मंडळी पाण्याच्या वरच्या वर खातात, फार तर डोकं खाली आणि शेपूट वर करून उभी राहतात. लालसरी किंवा शेंडी बदक बघा, आत्ता होतं आणि आत्ता नाही, तुम्ही दुर्बीण फोकस करेपर्यंत गायब, आणि मग दहा फुटांवर भलतीकडेच वर येतं. हे बुडीवाले.

त्यांचं शरीरच वेगळं असतं. पाय बरेच मागे असतात, म्हणून पाण्यात उत्तम वल्हं आणि जमिनीवर मात्र चाल एकदम बेढब. मागच्या बोटालाही चपटी झालर असते. वरवर खाणारं बदक पाण्यातून थेट सरळ वर उडतं, बुडीवाल्यांना विमानासारखं पाण्यावर धावत जाऊन टेकऑफ घ्यावा लागतो.

लॅब्राडॉर डक यातल्या समुद्री शाखेतलं. आयडर, स्कोटर, गोल्डनआय, मर्गान्सर हे त्याचे भाऊबंद. यातली बहुतेक हिवाळा खाऱ्या पाण्यात काढतात आणि त्यासाठी डोळ्यांच्या वर मीठ गाळायच्या ग्रंथी असतात, जादाचं मीठ नाकपुड्यांतून थेंब थेंब बाहेर टाकतात.

दिसायला कसं होतं?

नर देखणा होता. डोकं आणि मान पांढरी, टाळूवरून मागे जाणारा काळा पट्टा, गळ्यात काळी कंठी बांधल्यासारखी रिंग, अंग काळं आणि पंख बरेचसे पांढरे, फक्त टोकाची मोठी पिसं काळपट. मादी करड्या-तपकिरी रंगाची, पंखावर पांढरा चौकोनी डाग, म्हणजे बदकांच्या जगातला नेहमीचाच न्याय. लांबी साधारण ५० सेंटीमीटर, नराचं वजन पाऊण किलोच्या थोडं वर. गालावरची पिसं राठ होती, बोट फिरवलं तर खरखरीत लागतील अशी.

काळ्या-पांढऱ्या रंगामुळे लोकांनी त्याला पाइड डक म्हणजे कबरं बदक म्हटलं, काहींनी स्कंक डक म्हटलं कारण स्कंक हा तिकडचा दुर्गंधी सोडणारा प्राणी पण असाच काळा-पांढरा असतो. तिसरं नाव सँड शोल डक, म्हणजे वाळूच्या उथळ भाटीवरचं बदक, आणि मला विचाराल तर हेच नाव सगळ्यात कामाचं. शास्त्रज्ञांनी नाव प्रदेशावरून ठेवलं, शिकाऱ्यांनी रंगावरून, पण किनाऱ्यावरच्या माणसाने ते कुठे चरतं ते बघून ठेवलं, आणि या बदकाच्या जगण्याबद्दल जी थोडी पक्की माहिती आहे त्यातली अर्धी त्या एका नावात आहे.

खायचं काय आणि कसं?

मुख्यतः शिंपले, छोट्या गोगलगायी, आणि मसल्स, म्हणजे आपल्याकडे कोकणात ज्याला शिणाणे म्हणतात त्याच्या जातभाईंपैकी.

चोच हा या बदकाचा सगळ्यात इंटरेस्टिंग भाग. पुढे टोकाशी रुंद आणि कडेला मऊ, लवचिक, आणि आतल्या बाजूला कंगव्याच्या दातांसारख्या बारीक पट्ट्या, आणि त्या नेहमीच्या समुद्री बदकांपेक्षा कितीतरी जास्त. शास्त्रीय नावातल्या कॅम्प्टोऱ्हिंकसचा अर्थच वाकणारी चोच. आपला थापट्या पाण्यात चोच घालून चाळणीसारखं पाणी गाळतो ना, काहीसा तसाच प्रकार, पण समुद्राच्या तळाशी, बुडी मारून. वाळू-चिखल ढवळायचा आणि त्यातून बारीक शिंपले गाळून घ्यायचे, असं त्या चोचीच्या ठेवणीवरून अभ्यासकांचं म्हणणं आहे. आयडरसारखी बदकं मोठाले शिंपले अख्खे गिळून पोटात कुटतात, त्यांची चोच दणकट असते. याची तशी नव्हती.

मसल्स खायचं हे कसं कळलं त्याची गोष्ट थोडी वाईट आहे. अमेरिकन पक्षीचित्रकार ऑड्युबॉनला न्यू जर्सीतल्या कॅम्डन गावचा एक पक्ष्यांमध्ये भुसा भरणारा कारागीर भेटला, त्याच्याकडे या बदकाचे बरेच चांगले नमुने होते, आणि ते सगळे त्याने बंदुकीने नाही तर गळाने पकडलेले. पाण्याखाली थोड्या खोलीवर लांब दोरी सोडायची, तिला ओळीने गळ, प्रत्येक गळाला मसलचं मांस. बदक बुडी मारायचं आणि माशासारखं अडकायचं. म्हणजे त्याच्या आहाराबद्दलचा आपला एक मोठा पुरावा हा त्याला मारायच्या युक्तीतून आलेला आहे.

राहायचं कुठे?

हिवाळ्यातलं नीट माहीत आहे कारण तेव्हा ते माणसांजवळ यायचं. नोव्हा स्कोशियापासून खाली न्यू जर्सीपर्यंतचा किनारा, आडोशाच्या खाड्या, बंदरं, उथळ वाळूचे तळ. न्यूयॉर्कजवळचं लाँग आयलंड बेट हे हक्काचं ठिकाण. नकाशा काढून बघा, हा पट्टा म्हणजे बॉस्टन, न्यूयॉर्क, म्हणजे एकोणिसाव्या शतकात जगात सगळ्यात झपाट्याने वाढणाऱ्या शहरांच्या अगदी दारातला समुद्र. एखाद्या बदकाने हिवाळ्यासाठी याहून वाईट पत्ता निवडला नसता.

उन्हाळ्यात ते उत्तरेला जायचं, लॅब्राडॉर आणि त्याच्या आसपास, आणि तिथून पुढे आपल्या हातात जवळजवळ काही नाही.

घरटं, अंडी, पिल्लं?

१८३३ मध्ये ऑड्युबॉन लॅब्राडॉरला गेला होता, मुलगा जॉन सोबत होता. ब्लाँ साब्लों नावाच्या ठिकाणी एका मासेमारी पेढीवरच्या इंग्रज कारकुनाने सांगितलं की ती बघा, बुटक्या फरच्या झुडपांच्या डोक्यावर जी रिकामी घरटी आहेत ना ती पाइड डकची. जॉनने घरटी बघितली, बापाने लिहून ठेवली. बदक एकही दिसलं नाही. आता समुद्री बदकं साधारणपणे जमिनीवर नाहीतर झाडाच्या ढोलीत घरटं करतात, झुडपाच्या शेंड्यावर करणारं बदक म्हणजे जरा अतीच, त्यामुळे या साक्षीवर आज कुणी फारसा विश्वास ठेवत नाही. पण दुसरी साक्षच नाही! या जातीच्या घरट्याबद्दल जे काही लिहिलं गेलं ते फिरून फिरून या एका कारकुनाच्या बोलण्यावर येऊन थांबतं.

अंड्यांची कथा त्याहून भारी. युरोपातल्या काही म्युझियममध्ये लॅब्राडॉर डकची अंडी अशी लेबलं लावलेली अंडी वर्षानुवर्षं जपून ठेवली होती. ग्लेन चिल्टन आणि मायकल सोरेन्सन यांनी त्यांच्या आतल्या पडद्यातून डीएनए काढून तपासला, २००७ मध्ये निकाल छापला. एकही अंडं लॅब्राडॉर डकचं निघालं नाही. कुठलं मर्गान्सरचं, कुठलं आयडरचं, आणि काही तर चक्क मॅलार्डची, म्हणजे युरोपात तळ्यातळ्यात पोहणारं सगळ्यात कॉमन बदक. एवढी वर्षं कापसात गुंडाळून ठेवलेलं ते हे. मला हे वाचून हसू आलं आणि मग जरा वाईट पण वाटलं, कारण आधी निदान अंडी तरी आहेत असं म्हणता येत होतं.

पिल्लू कसं दिसायचं, मादी किती अंडी घालायची, नर मादीला रिझवायला काय करायचा, यातलं काही कुणी लिहून ठेवलेलं नाही.

ऑड्युबॉनने तर त्याचं चित्र काढलंय, मग त्याने बघितलं नाही कसं?

जिवंत नाही बघितलं. त्याच्या प्रसिद्ध चित्रमालेत ३३२ नंबरचं चित्र याच बदकाचं आहे, नर आणि मादी, पण ते काढलं मेलेल्या जोडीवरून. ती जोडी डॅनियल वेबस्टरने मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हाइनयार्डच्या भागात मारलेली. हो, तोच वेबस्टर, अमेरिकेचा नामांकित सिनेटर आणि नंतर परराष्ट्रमंत्री. त्या काळात मोठी राजकारणी माणसं सुट्टीत बदकं मारायला जायची आणि त्यातलं काही वेगळं वाटलं तर चित्रकाराला भेट द्यायची. ती जोडी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये आहे. म्हणजे चित्र सुरेख आहे पण बदकाचं बसणं-उठणं, मान वळवणं हे ऑड्युबॉनच्या कल्पनेतलं, हे बघताना लक्षात ठेवायचं.

मांस चविष्ट होतं म्हणून संपवलं का?

उलट! हाच तर या सगळ्या प्रकरणातला विचित्र भाग आहे आणि लोकांना तो पटत नाही. शिंपले खाऊन खाऊन मांसाला माशासारखा वास यायचा, त्यामुळे गिऱ्हाईक नाक मुरडायचं. न्यूयॉर्कचे पक्षी अभ्यासक जॉर्ज लॉरेन्स यांची एक आठवण १८९१ मध्ये विल्यम डचरने छापली. त्यात ते सांगतात की चाळीसेक वर्षांपूर्वी फुल्टन मार्केटमध्ये ही बदकं दिसणं काही विशेष नव्हतं, आणि एकदा तर सहा छान नर तिथे टांगलेले बघितले होते, कुणी घेईना म्हणून शेवटी सडून गेले. आणि मग ते म्हणतात की संग्राहकांनाही नको होती, कारण त्या काळी एका जातीची एक जोडी कपाटात असली की पुरे असं मानत.

सहा नर सडले. आज जगातल्या सगळ्या म्युझियममध्ये मिळून या बदकाचे साधारण ५५ नमुने आहेत, म्हणजे त्या एका दुकानात टांगलेला माल आजच्या जागतिक साठ्याच्या दहा टक्क्यांहून जास्त होता. आपल्याकडे म्हणतात ना नावडतीचं मीठ अळणी, तसं झालं या बदकाचं. खाणाऱ्याला नको, विकणाऱ्याला नको, अभ्यासकाकडे एक जोडी आहेच, आणि तरी बाजारात येतच राहिलं, कारण थव्यावर बार टाकताना शिकारी कुठे जात बघतो, पडेल ते गोळा करायचं आणि बाजारात पाठवायचं. जे खूप आवडायचं त्याचं निदान कुणीतरी हिशोब ठेवायचं, किंमत वाढली की कळायचं कमी झालंय. याची किंमतच नव्हती तर कमी झाल्याचं कळणार कसं.

मग नामशेष झालं कशामुळे?

एकच गुन्हेगार दाखवा असं म्हणाल तर दाखवता येत नाही, पण संशयितांची यादी बरीच पक्की आहे आणि माझ्या मते सगळ्यांनी थोडा थोडा हातभार लावला.

शिकार तर होतीच. त्यात समुद्री बदकांचा एक कमकुवतपणा समजून घ्या. ही बदकं उशिरा वयात येतात, दोन-तीन वर्षांची झाल्याशिवाय घरटं करत नाहीत, दरवर्षी पिल्लं फार जगतात असंही नाही, पण मोठं झालेलं बदक बरीच वर्षं जगतं आणि त्या जोरावर जात टिकते. म्हणजे मोठी बदकं हे मुद्दल. मुद्दलाला हात लागला की संपलं, व्याजाने ते भरून निघत नाही.

दुसरं, उत्तरेतली अंडी आणि पिसं. अठराव्या शतकात न्यू इंग्लंडमधून लॅब्राडॉरच्या किनाऱ्यावर खास पिसांसाठी जहाजं जायची, गाद्या-उशांसाठी. उडता न येणाऱ्या अवस्थेतल्या, म्हणजे पिसं झडून नवी येईपर्यंतच्या काळातल्या बदकांना काठ्यांनी मारायचे. बदकांची एक खोड असते की ती उडायची सगळी पिसं एकदमच टाकतात आणि काही आठवडे जमिनीला किंवा पाण्यालाच खिळून राहतात. नंतर अंडी गोळा करणारे आले, ऑड्युबॉनने १८३३ मध्ये त्यांना प्रत्यक्ष बघितलं आणि त्यांच्याबद्दल चांगलाच संतापून लिहिलं. बेटावर उतरायचं, आधीची सगळी अंडी फोडायची, म्हणजे पक्षी पुन्हा ताजी घालतात आणि ती गोळा करून विकायची. या बदकाचं विणीचं क्षेत्र मुळात लहान असेल तर असे थोडे हंगाम पुरेसे होते.

तिसरं खाणं. हिवाळ्यातल्या त्या उथळ खाड्यांमध्ये शहरांचं सांडपाणी, गाळ, शिंपल्यांची बेसुमार काढणी हे सगळं त्याच काळात सुरू झालं. आयडरचं नुकसान झालं तरी त्याला खोल पाण्यात जाऊन दुसरं काही खाता येतं. या पठ्ठ्याची चोच एकाच कामासाठी घडलेली. जास्त स्पेशलायझेशन केलेल्या माणसाची कंपनी बंद पडावी तसं.

आणि चौथं म्हणजे ते आधीपासूनच थोडं असावं. अलेक्झांडर विल्सन या पक्षीशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे बदक दुर्मिळ असल्याचं लिहून ठेवलंय, तेव्हा बाजारासाठी मोठी शिकार अजून भरात यायची होती. बाजारात प्रौढ नर कमी आणि मादी-पिल्लावळ जास्त दिसायची असंही जुने लोक सांगायचे.

शेवटचं बदक कधी दिसलं?

नक्की पुरावा असलेलं शेवटचं बदक १८७५ च्या पानगळीच्या दिवसांत लाँग आयलंडला मारलं गेलं, तेही स्मिथसोनियनमध्ये आहे.

त्यानंतरची एक नोंद आहे, १२ डिसेंबर १८७८, न्यूयॉर्क राज्यातलं एल्मायरा गाव. एका पोराने बदक मारलं आणि घरी नेलं. डॉक्टर ग्रेग नावाच्या गृहस्थांना पत्ता लागेपर्यंत घरच्यांनी ते बरंचसं खाऊन टाकलेलं! डोकं आणि मानेचा तुकडा शिल्लक होता, तो त्यांनी ठेवला, पुढे तोही हरवला. शिवाय एल्मायरा समुद्रापासून कितीतरी आत, त्यामुळे ते खरंच हेच बदक होतं का यावर वाद आहे आणि तो मिटायचं साधन आता राहिलेलं नाही. मांस बेचव असतं हे एवढं सगळ्यांनी लिहून ठेवलेलं बदक, आणि त्याचं शेवटचं समजलं जाणारं एकुलतं एक कुणाच्या तरी जेवणात गेलं.

तुलना करायची तर ग्रेट ऑक या उडता न येणाऱ्या समुद्रपक्ष्याची शेवटची जोडी ३ जून १८४४ ला आइसलँडजवळच्या एल्डे बेटावर मारली गेली, तारखेसकट माहीत आहे. पॅसेंजर पिजन जातीची शेवटची मादी मार्था १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्या झूमध्ये मेली, पेपरात बातम्या आल्या. लॅब्राडॉर डकच्या वेळी असं काही नाही. बरीच वर्षं गेल्यावर लोकांच्या लक्षात आलं की अरे, ते काळं-पांढरं हल्ली दिसत नाही.

त्या काळात कायदे नव्हते का?

उपयोगाचे म्हणावे असे नव्हते. अमेरिकेत बेकायदा मारलेल्या प्राणी-पक्ष्यांचा व्यापार रोखणारा लेसी अ‍ॅक्ट १९०० चा, आणि स्थलांतरित पक्ष्यांचा मोठा कायदा १९१८ चा, तोही १९१६ मध्ये ब्रिटनशी कॅनडाच्या वतीने करार झाल्यावर. बाजारासाठीची शिकार खऱ्या अर्थाने त्यानंतर बंद पडली. चाळीस वर्षांनी उशीर.

त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कोण?

स्टेलर्स आयडर. ते उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात, अलास्का-सायबेरियाच्या बाजूला आहे आणि सुदैवाने जिवंत आहे, पण त्याचीही संख्या चिंतेची आहे. हाडांवरून आणि पिसांवरून आधी अंदाज होताच, गालाची ती राठ पिसं त्यालाही आहेत, २०१८ मध्ये जुन्या नमुन्यांच्या डीएनएवरून शिक्कामोर्तब झालं.

नामशेष झालेलं हे एकच बुडीमार बदक आहे का?

नाही, आणि त्या २०१८ च्या अभ्यासातच दुसरं एक होतं ज्याची गोष्ट अगदी उलटी आहे. चेंडायटीस लॉई, कॅलिफोर्नियाच्या आणि दक्षिण ओरेगनच्या किनाऱ्यावरचं, हंसाएवढं मोठं, पंख इतके खुजे की उडता येणं शक्यच नाही. १९२५ मध्ये लॉय मिलर यांनी हाडांवरून त्याचं वर्णन केलं तेव्हा त्याला बुडी मारणारा हंसच म्हटलं होतं. हे बदक किनाऱ्यावरचे आदिवासी लोक हजारो वर्षं मारून खात होते, त्यांच्या जुन्या वस्त्यांच्या कचऱ्यात हाडं सापडतात, आणि हाडांची वयं काढल्यावर २००८ मध्ये टेरी जोन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की माणूस आणि हे बदक निदान ८,००० वर्षं सोबत राहिले. संपलं साधारण २,४०० वर्षांपूर्वी. उडता न येणारं, जमिनीवर घरटं करणारं, हातात काठी घेऊन मारता येईल असं, आणि तरी ८,००० वर्षं! त्याच्या तुलनेत स्टेलरची समुद्रगाय १७४१ मध्ये युरोपियनांना सापडली आणि २७ वर्षांत, १७६८ पर्यंत संपली. मला वाटतं माणूस आला की लगेच सगळं संपतं असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे बदक जरा अभ्यासावं, कोण माणूस, किती जण, कुठल्या बाजारासाठी यावर बरंच अवलंबून असतं.

आणि डीएनएने अजून एक धक्का दिला. सगळे त्याला आयडरसारखं समुद्री बदक समजत होते, निघालं ते वरवर खाणाऱ्या बदकांच्या जवळचं. म्हणजे हळदी-कुंकवाच्या गोतावळ्यातल्या कुणीतरी समुद्रात जाऊन पंख सोडून दिले आणि बुडी मारायला शिकलं, वेगळ्या रस्त्याने तिथेच पोचलं.

तिसरं ऑकलंड बेटांचं मर्गान्सर, न्यूझीलंडच्या दक्षिणेला. त्याची शेवटची जोडी जानेवारी १९०२ मध्ये तिथल्या गव्हर्नरच्या सफरीत संग्रहासाठी मारली गेली. लॅब्राडॉर डक कुणी संग्रहात घेईना आणि हे मर्गान्सर सगळ्यांना संग्रहात हवं. दोन्हीचा शेवट तोच.

भारतात असं काही झालंय का?

गुलाबी डोक्याचं बदक. बिहार, बंगाल, आसामकडच्या दलदलीतलं, नराचं डोकं आणि मान खरोखर गुलाबी. अंडी जवळजवळ चेंडूसारखी गोल. त्याची शेवटची पक्की नोंद म्हणून १९३५ ची दरभंग्याची सांगतात, तिथे इंग्लिस नावाच्या पक्षी अभ्यासकाने एक मारलं. ते लालसरीच्या नात्यातलं आहे म्हणजे बुडीवाल्यांच्या घरातलं, पण खाण्याची पद्धत मुख्यतः वरवरची सांगतात. नामशेष असा शिक्का त्यावर अजून अधिकृतपणे बसलेला नाही, अधूनमधून लोक म्यानमारमध्ये शोधायला जातात. तो वेगळाच विषय आहे, त्यावर एवढंच मोठं पान होईल.

लॅब्राडॉर डक अजून कुठेतरी लपून जिवंत असू शकेल का?

मादागास्कर पोचर्डमुळे लोकांना आशा वाटते. ते बुडीमार बदक १९९१ नंतर दिसलं नव्हतं, गेलं असं बहुतेकांनी धरलेलं, आणि २००६ मध्ये उत्तर मादागास्करच्या एका छोट्या तळ्यावर मूठभर सापडली. मग अंडी उबवून, पिल्लं वाढवून २०१८ मध्ये सोफिया नावाच्या तळ्यात सोडलीसुद्धा. पण ते दुर्गम तळं होतं. लॅब्राडॉर डक हिवाळा काढायचं ते बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या समोर, जिथे आज दर रविवारी शेकडो लोक टेलिस्कोप लावून बसतात, तिथे दीडशे वर्षं एक काळं-पांढरं बदक लपून राहील हे मला तरी झेपत नाही.

क्लोनिंग करून परत आणता येईल का?

डीएनए आहे, तो मुद्दा नाही. पक्ष्यांचं क्लोनिंग सस्तन प्राण्यांसारखं होत नाही कारण पक्ष्याचं अंडं म्हणजे प्रचंड बलक असलेली एकच पेशी, त्यात केंद्रक बदलणं जमत नाही. दुसरा रस्ता म्हणजे जवळच्या जातीच्या जननपेशींमध्ये बदल करत जायचं, म्हणजे शेवटी मिळेल ते थोडं सुधारलेलं स्टेलर्स आयडर. आणि समजा जमलं, तरी त्या पिल्लाला वाढवायचं कसं, कुठल्या प्रकारच्या जागी सोडायचं, स्थलांतराची वाट दाखवणार कोण?

आवाज कसा होता?

कुणी लिहिलं नाही. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा, बदक १८७५ चं.

ग्लेन चिल्टन यांचं नाव सारखं येतं, ते कोण?

कॅनडाचे पक्षीशास्त्रज्ञ, त्या अंड्यांचे लेबल खोटे पाडणाऱ्या दोघांपैकी एक. त्यांनी ठरवलं की जगात या बदकाचे जेवढे भुसा भरलेले नमुने आहेत ते सगळे स्वतः जाऊन बघायचे, मोजायचे, आणि देशोदेशी फिरून तसं केलंही, नंतर त्यावर पुस्तक लिहिलं. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण ज्या जातीचं वागणं कुणी लिहिलेलं नाही, घरटं नाही, अंडं नाही, त्या जातीबद्दल काही बोलायचं तर ही ५५ कातडीच काय ती कागदपत्रं. त्यांची लांबी-रुंदी मोजणं, कुठल्या नमुन्यात वेगळ्या पक्ष्याची पिसं घुसडलीत ते बघणं, लेबलवर कुठल्या गावाचं नाव आहे ते वाचणं, हेच संशोधन.

मला प्रत्यक्ष बघायचं असेल तर कुठे जावं लागेल?

अमेरिकेत वॉशिंग्टनचं स्मिथसोनियन, न्यूयॉर्कचं अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्री, हार्वर्डचं म्युझियम. युरोपात इंग्लंडमधलं ट्रिंग आणि नेदरलँड्समधलं लायडन. तिकडे राहणारे आपले बरेच लोक आहेत, न्यू जर्सीत तर शेजारीपाजारीच मराठी, त्यांना न्यूयॉर्कचं म्युझियम ट्रेनने एका दुपारचं काम आहे. फक्त जाण्याआधी ईमेल करून विचारा की नमुना बाहेर मांडलेला आहे का, कारण उजेडाने पिसांचा रंग उतरतो म्हणून बरेचसे नमुने आतल्या कपाटात अंधारात असतात आणि आयत्या वेळी गेलात तर फक्त डायनासोर बघून परत याल. चोचीकडे नीट बघा. जिवंतपणी तिच्यावर नारिंगी आणि निळसर रंग होता असं जुन्या वर्णनांत आहे, आता दिसणारा रंग बहुतेक भुसा भरणाऱ्याच्या ब्रशचा असतो.